ऊसतोडीची उचल : किती घ्यावी, कशी फिटते, कुठं अडकते

पेरणीच्या तोंडापासून दसऱ्यापर्यंत बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागांत एक कर्ज वाटलं जातं. त्याची पाटी कुठं लागत नाही, अर्ज भरावा लागत नाही, सातबारा लागत नाही, जामीनदार लागत नाही. मुकादम, म्हणजे ऊसतोड मजुरांची टोळी जमवणारा, दारात येतो, कोयता ठरवतो आणि पैसे मोजून देतो. ही उचल, ऊसतोडीच्या मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम. तिच्याविषयी बोलताना लोक एकतर मुकादमाला शिव्या देतात, नाहीतर मजुराच्या नशिबावर सोडून देतात. पण उचल हे एक कर्ज आहे आणि कुठलंही कर्ज तपासतात तसं तेही तपासता येतं. हातात किती पडतं, फिटायला किती दिवस लागतात, छुपा खर्च कुठं बसतो, दुसरं काय घेता येतं. या परीक्षणात आम्ही तेच पाहिलं आहे.

एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक वेळा नवरा-बायको. एकटा माणूस धरला तर अर्धा कोयता. एका कोयत्यामागं पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत उचल मिळते. बैल असतील तर आकडा वर जातो, कारण गाडीवाला ऊस तोडतोही आणि कारखान्यापर्यंत पोचवतोही. डोकी सेंटरला बैल नसतात. तिथं ऊस तोडायचा, साळायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. दहा-पंधरा कोयत्यांची टोळी होते आणि तिच्या जोरावर मुकादम वाहतूकदाराशी करार करतो.

आधी चांगली बाजू, कारण ती खरी आहे. पैसा मागितल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळतो. मुलीचं लग्न, दवाखान्याचं बिल, बियाणं, पडलेली भिंत, कशासाठीही मिळतो आणि कारण कुणी विचारत नाही. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यालाही मिळतो. मराठवाड्यात एवढ्या झटपट, एवढी मोठी रक्कम भूमिहीन माणसाच्या हातावर ठेवणारी दुसरी कुठलीच सोय आजवर उभी राहिलेली नाही. उचल टिकून आहे ती या एका गुणावर. वेगाला पाचपैकी पाच गुण द्यावे लागतील.

पुढचा हिशेब मात्र कागद-पेन्सिल घेऊन करायचा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टनामागं २७३ रुपये होते ते साधारण ३६६ झाले आणि मुकादमाचं कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलं. एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते. ऊस उभा असेल, फड रस्त्याला लागून असेल, हवा थंड असेल तर दोन. ऊस लोळलेला असेल, वाकडा असेल किंवा ट्रक लांब उभा असेल तर दीडसुद्धा होत नाही. आपण चांगल्यात चांगला दोन टनांचा आकडा धरू. दिवसाचे झाले ७३२ रुपये, तेही दोन माणसांचे. म्हणजे माणशी ३६६, आणि दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. ट्रक रात्री आला तर भरणी रात्री. ट्रकची वाट बघण्यात गेलेल्या तासांचा पैसा नाही, रानातून कोपीपर्यंत (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीपर्यंत) आणि एका फडातून दुसऱ्या फडात जाण्याचाही नाही.

आता एक लाखाची उचल घेतली असं धरा. १,००,००० भागिले ३६६ केलं तर २७३ टन येतात. दिवसाला दोन टनांनी १३७ दिवस झाले, एकही खाडा न करता. कारखान्याचा हंगाम कागदावर दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत म्हणतात, पण ऊस कमी असला आणि कारखान्यांनी गाळपाची क्षमता वाढवलेली असली की पट्टा लवकर पडतो, म्हणजे हंगाम लवकर संपतो. प्रत्यक्ष तोडणीचे १२० दिवस मिळाले तर ते चांगलं साल. उचल मोठी, हंगाम छोटा. नवीन माणूस पहिल्यांदा अडकतो तो इथंच, कारण त्याला कुणी टनांत हिशेब करून दाखवलेला नसतो.

दुसरं म्हणजे खर्ची. जोडी तिथं चार-पाच महिने खाणार काय? तर आठवड्याच्या बाजाराला मुकादम खर्ची देतो आणि तीही उचलीतच चढते. आठवड्याला १,५०० रुपये धरले तर १७ आठवड्यांचे २५,५०० होतात. एकूण अंगावर १,२५,५००. १२० दिवसांत २४० टन तोडून फिटले ८७,८४० रुपये. पट्टा पडला तेव्हा बाकी ३७,६६०. एकही दिवस आजारी न पडता, दोन टनांचा वेग न सोडता. तोच वेग दीड टनाचा असता तर फिटले असते ६५,८८० आणि बाकी राहिली असती ५९,६२०.

ही बाकी मिटत नाही, ती पुढच्या सालात जाते. काही मुकादम तिच्यावर व्याज लावत नाहीत, काही शेकडा ३ रुपये महिन्याला लावतात. व्याज लावणारा भेटला तर मे ते ऑक्टोबर सहा महिन्यांचे ६,७७९ रुपये चढून ३७,६६० चे ४४,४३९ होतात. आता पुढच्या साली पुन्हा लाखाचीच उचल ठरली तर हातात येतील ५५,५६१. घराची गरज तर लाखाचीच आहे. म्हणून माणूस म्हणतो, हातात लाखच द्या. मग वहीत लिहिलं जातं १,४४,४३९. दुसऱ्या हंगामात तेवढीच खर्ची, तेवढेच टन. बाकी ८२,०९९. सहा महिन्यांचं व्याज धरून ९६,८७७. तिसऱ्या साली हातात पुन्हा लाख हवा असेल तर वहीत आकडा पडतो १,९६,८७७. दरवर्षी कष्ट तेवढेच, हातातला पैसा तेवढाच आणि अंगावरची रक्कम तीन हंगामांत जवळजवळ दुप्पट. यात कुणी खोटं बोललेलं नाही, वजनात मारलेलं नाही. आकडे सरळ आहेत. मूळ रचनाच अशी आहे की फिटू नये.

खाडा याहून वाईट. एक दिवस कामावर न गेल्यास पाचशे ते हजार रुपये कापतात. तो दिवसाचा दंड, वर त्या दिवसाची ७३२ ची कमाईही गेली. हंगामात आठ दिवस अंगदुखीत, तापात, पाळीत किंवा लेकराच्या जुलाबात गेले तर हजाराच्या दरानं दंड ८,००० आणि बुडालेली मजुरी ५,८५६. मिळून १३,८५६ रुपये. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की २०१९ साली राज्य सरकारच्या समितीला बीडमध्ये काय दिसलं ते समजतं. समितीनं ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शंभरात सोळा-सतरा. खासगी दवाखान्यांचा लोभ, कोपीत न्हाणीघर-संडास नसणं, लहान वयात झालेली लग्नं, ही सगळी कारणं आहेतच. पण ज्या कर्जात पाळीच्या दिवसाला दंड आहे त्या कर्जानं बाईच्या पोटावरच सुरी चालवली, असं आम्ही स्पष्ट म्हणतो. आणि ही बाई अर्धा कोयता असूनही उचलीच्या व्यवहारात तिचं नाव कुठंच नसतं. पैसे नवऱ्याच्या हातात, सही नवऱ्याची, हिशेब नवऱ्याशी. फेडायला मात्र दोघं.

हे आज उगवलेलं नाही. १८५९ मध्ये इंग्रजांनी मुदतीचा कायदा केला. सावकाराचं खत, म्हणजे कर्जाचा लेखी दस्त, तीन वर्षांपुरतंच चालेल, म्हणजे व्याज साचत जाणार नाही, असा हेतू होता. सावकारानं काय केलं? दर तीन वर्षांनी कुणब्याला बोलावून नवं खत लिहून घेतलं आणि जुनं मुद्दल अधिक व्याज मिळून नवं मुद्दल केलं. वरचा १,००,००० चा १,४४,४३९ आणि त्याचा १,९६,८७७ झालेला आकडा आणि ते खत यांत काडीचा फरक नाही. त्याच काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं, १८६१ ते १८६५, इथल्या कापसाला भाव आला. सावकारानं हात सैल सोडला, कुणब्यानं उचललं. युद्ध संपलं, भाव पडला, वर सरकारनं सारा वाढवला, आणि गरज सगळ्यांत मोठी झाली तेव्हा सावकारानं हात आखडला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोक जमले, त्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं काढून जाळली आणि हे लोण पुणे-नगरच्या गावागावांत गेलं. जाळण्यासाठी त्यांनी आधी वही निवडली, घरं किंवा धान्य नव्हे, हे ध्यानात घ्या. दुखणं कुठं आहे ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यातली एक तरतूद फार मोलाची होती: कोर्टानं खतावरचा आकडा बघून थांबायचं नाही, कर्जाचा मागचा सगळा इतिहास उलगडून मूळ पैसा किती होता ते बघायचं. पण बीड, परभणी, नांदेड, धाराशिव, औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. नगरच्या हद्दीपर्यंतचा हा कायदा हद्द ओलांडून आला नाही. इकडं वेठ चालू होती, सवाई-दिडीनं धान्य चालू होतं, म्हणजे पोतं घ्यायचं आणि सुगीत दीड पोतं द्यायचं. निजामाच्या राज्यात भागेला नावाची पद्धत होती. आगाऊ पैसे घेतलेला माणूस ते फिटेपर्यंत धन्याकडं राबायचा आणि ते फिटायचे नाहीत. पुढं त्या करारांवर नियंत्रण आणणारा नियम निघाला. १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. वतनाच्या नावाखाली गावाची फुकट कामं करून घ्यायची ही त्या काळची दुसरी दावण होती. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. सालगड्याची रीत मात्र राहिली. गुढीपाडव्याला साल धरायचं, आगाऊ रक्कम घ्यायची आणि मध्येच साल मोडलं तर ती परत. पुढं १९७२ चा दुष्काळ पडला. रान करपलं तशी माणसं पश्चिमेकडच्या पाटाच्या पाण्याखालच्या उसाकडं निघाली आणि सालगड्याची आगाऊ रक्कम उसाच्या फडात उचल झाली. शब्द बदलला, दावं तेच.

१९७६ मध्ये वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायदा झाला. आमच्या मते हा देशातल्या सगळ्यांत धारदार कायद्यांपैकी एक आहे आणि सगळ्यांत कमी वापरला गेलेल्यांपैकीही एक. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडं काम करायचं किंवा मोकळेपणानं जाण्या-येण्याचं स्वातंत्र्य गेलं असेल, किंवा त्याला किमान वेतनापेक्षा कमी मिळत असेल, तर ती वेठबिगारी. मग ते कर्ज उरतच नाही, कलम ६ नुसार ते फेडण्याची जबाबदारी संपते. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं कलम १५ नं पैसे देणाऱ्यावर टाकलं आहे, मजुरावर नाही. वेठ करून घेणाऱ्याला कलम १६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद. संविधानाचं कलम २३ याच्या मागं उभं आहे आणि १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं म्हणजेच सक्तीची मजुरी.

मग अडलं कुठं? दर वेळी कायद्यानं कागदावर घाव घातला आणि हिशेबाची वही ज्याच्या हातात होती त्याच्याच हातात राहिली. १८५९ मध्ये खताची मुदत बांधली, वही सावकाराकडं. निजामाच्या राज्यात भागेला करारावर नियम आला, वही धन्याकडं. १९७६ मध्ये कर्जच रद्द ठरवलं, पण रद्द झालेलं कर्ज कोणतं हे वहीशिवाय सांगता येत नाही आणि वही मुकादमाच्या खिशात. दुसरं कारण वेळेचं. माणसाची गरज जून ते ऑक्टोबरात असते आणि कमाई नोव्हेंबर ते मार्चमध्ये. त्या मधल्या पाच महिन्यांत जो पैसे देईल तो धनी, मग त्याचं नाव सावकार असो, जहागीरदार असो की मुकादम.

मुकादमाविषयीही सरळ बोललं पाहिजे. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम टोळीला. मुकादम सहसा त्याच गावचा, भावकीतला, कधी स्वतः दहा वर्षं कोयता चालवलेला. वाहतूकदारानं त्याच्याकडून स्टॅम्प पेपरवर करार आणि कोरे धनादेश घेतलेले असतात. टोळीतले चार कोयते पळाले तर त्याची जमीन जाते. दोन मुकादमांची उचल घेऊन तिसऱ्याबरोबर जाणारे मजूर असतात, तसे वाहतूकदाराचे लाखो रुपये घेऊन गायब झालेले मुकादमही असतात. मजुराला डांबून ठेवण्याचे, पोरगं किंवा बायको ‘तारण’ ठेवून घेण्याचे प्रकार या भीतीतून होतात. भीती खरी आहे म्हणून डांबणं माफ होत नाही. पण वरचा कारखाना या साखळीत कुठंच सही करत नाही, कामगार त्याचा नाही असं म्हणतो, आणि साखर त्याचीच होते. साखळीतली सगळ्यांत मोठी पळवाट ती आहे.

आता दुसरं काय घेता येतं. जमीन थोडी का होईना नावावर असेल तर पीक कर्ज सगळ्यांत स्वस्त. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून व्याज शून्य पडतं आणि जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अडचण अशी की थकबाकीदाराला नवं मिळत नाही आणि भूमिहीनाला मिळतच नाही. बचत गटाचं कर्ज चांगलं, रक्कम लहान, पण गट टिकवायला गावात राहावं लागतं आणि टोळी तर पाच महिने बाहेर. मायक्रोफायनान्सचं मात्र जपून घ्या. हप्ता आठवड्याचा किंवा महिन्याचा असतो, फडावर असतानाही तो थांबत नाही, मग तो भरायला मुकादमाकडून वाढीव खर्ची घेतली जाते आणि दोन्ही कर्जं एकमेकांत गुंततात. कुटुंबाच्या महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम सगळ्या हप्त्यांत मिळून जाऊ नये असा नियम आहे, पण मिळकत लिहिताना ती फुगवून लिहिली जाते. परवाना नसलेल्या सावकाराकडं जाऊच नये. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याला विनातारण कर्जावर परवानाधारकालाही वर्षाला १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही आणि एकूण व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही, तो जुना दामदुपटीचा नियम. शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के, एवढं तोंडपाठ असू द्या. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं होते.

यातलं काहीच जमत नाही आणि उचल घ्यायचीच आहे, तर किती घ्यावी? हिशेब उलटा करायचा. हंगामाचे १२० दिवस धरा, त्यांतले १० आजारपणाचे म्हणून वजा करा. राहिले ११०. दोन टनांनी २२० टन, ३६६ नं ८०,५२०. त्यातून खर्चीचे २५,५०० वजा केले की उरतात ५५,०२०. दीड टनाचा वेग असेल तर १६५ टन, ६०,३९० रुपये आणि खर्ची जाऊन ३४,८९०. म्हणून आमचं मत असं: डोकी सेंटरच्या एका कोयत्याला ३५ ते ५५ हजारांच्या वरची उचल एका हंगामात फिटत नाही. जोडी नवीन असेल, बाई गरोदर असेल किंवा फड कुठला ते ठरलेलं नसेल तर ३५ हाच आकडा. गाडीवाल्याला वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून वरचे पैसे मिळतात, पण बैलाचा चाराही त्यातच असतो. बैल मेला तर दुसरा घेण्याची रक्कम पुन्हा उचलीवर चढते, तेव्हा तिथंही हात आखडूनच घ्यावी.

पैसे शक्यतो बँक खात्यात घ्यावेत, अर्धे नवऱ्याच्या आणि अर्धे बायकोच्या. रोख घेतले तर त्याच दिवशी वहीत लिहून मुकादमाची सही घ्यावी आणि मोबाइलवर पानाचा फोटो काढून घरच्या कुणाला पाठवावा. वही दोन असाव्यात, एक त्याची, एक आपली. पहिल्या पानावर पाच गोष्टी: कारखान्याचं नाव, सेंटर कुठलं, टनाचा दर, खाड्याचा दर आणि मागची बाकी किती धरली. बाकी लिहिताना मूळ रक्कम आणि व्याज वेगळं लिहून घ्यावं, एकत्र आकडा लिहू देऊ नये. १८७९ च्या कायद्यानं कोर्टाला जे करायला सांगितलं ते आपणच आधी करून ठेवायचं. कोऱ्या स्टॅम्पवर सही नको, अंगठाही नको. कोरा धनादेश नको. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक दुसऱ्याकडं ठेवायला देऊ नये, झेरॉक्स द्यावी.

फडावर गेल्यावर काट्याची पावती. प्रत्येक खेपेची. पावती वाहतूकदाराच्या ड्रायव्हरकडं जाते आणि टोळीला तोंडी आकडा कळतो, घोळ तिथंच होतो. ट्रक काट्यावरून आला की पावतीचा फोटो मागावा. तारीख, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन आणि टोळीत किती कोयते होते ते रोज लिहावं. पंधरवड्याचं बिल निघालं की आपली बेरीज आणि बिलावरचे टन ताडून बघावेत. दोन-चार क्विंटलांचा फरक मोळीच्या अंदाजात पडतो, त्यावरून भांडू नये. टनाच्या वर फरक आला तर त्याच दिवशी विचारावं. महिन्यानं विचारलेल्या प्रश्नाला फडात उत्तर मिळत नाही. खर्चीही तारखेसह लिहावी, कारण शेवटी सगळ्यांत जास्त वाद खर्चीवरच होतो.

गाव सोडण्याआधी ग्रामसेवकाकडं नोंद करून ओळखपत्र घ्यावं. २०२१ पासून तीन वर्षं किंवा जास्त ऊसतोड केलेल्यांची नोंदणी ग्रामपंचायतीत होते आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजना त्या नोंदीवर चालतात. महामंडळाच्या निधीसाठी कारखान्यांकडून टनामागं १० रुपये आणि तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलेलं आहे. शाळेतल्या लेकरांसाठी शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. लेकरू गावीच राहणार असेल तर संत भगवानबाबा वसतिगृह जवळ कुठं चालू आहे ते पाहावं. योजनेत ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहं मंजूर आहेत, मुलांची आणि मुलींची वेगळी, तेव्हा आपल्या तालुक्यातलं प्रत्यक्ष सुरू झालंय का हे समाज कल्याण कार्यालयात विचारूनच भरवसा ठेवावा. रेशन परगावी उचलता येतं, फक्त आधार जोडलेलं हवं. १,५०० च्या खर्चीतला गहू-तांदळाचा वाटा तेवढाच कमी होतो.

पट्टा पडला की कोपी मोडायच्या आधी हिशेब करायचा. गावी जाऊन बघू, असं म्हटलं की तो हिशेब पुन्हा दसऱ्यालाच होतो आणि तेव्हा आपल्याला नव्या पैशाची गरज असते. एकूण टन, एकूण मजुरी, एकूण उचल, एकूण खर्ची, खाडे आणि बाकी, हे सहा आकडे दोन्ही वह्यांत सारखे लिहून दोघांच्या सह्या. बाकी शून्य असेल तर ‘हिशेब पूर्ण, येणे-देणे नाही’ असं एक वाक्य लिहून घ्यावं आणि दिलेले कागद, धनादेश परत घ्यावेत.

आणि अडकलात तर. जाऊ देत नाहीत, मारहाण होतेय, पोरगं ठेवून घेतलंय, असं असेल तर आधी ११२, लेकरासाठी १०९८. त्यानंतर ज्या तालुक्यात अडकला आहात तिथल्या तहसीलदाराला, प्रांताला किंवा जिल्हाधिकाऱ्याला लेखी अर्ज. नातेवाईकानं गावाहून पाठवला तरी चालतो. अर्जात अडकलेल्यांची नावं आणि वयं, गाव, गट किंवा फड कुणाचा, जवळचा कारखाना, मुकादमाचं नाव, उचल किती आणि कधी घेतली, आतापर्यंत किती टन तोडले, आणि ‘आम्हाला जाऊ दिलं जात नाही’ हे वाक्य स्पष्ट असावं. नुसतं ‘मुकादम त्रास देतो’ असं लिहिलं तर तो पैशाचा वाद ठरवून पोलीस आपसात मिटवायला सांगतात. वेठबिगार कायद्याचं नाव अर्जात लिहाच. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, वेठीला बळी पडलेल्यांना आणि बायकांना मिळकतीची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

सुटका झाली की सुटकेचा दाखला घेतल्याशिवाय गावाकडची गाडी धरू नये. गाडीभाडं देऊन, समजूत काढून घरी पाठवलेल्या टोळीला पुढं काहीच मिळत नाही, कारण कागदावर ती सुटलेलीच नसते. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत पुरुषाला १ लाख, बाई आणि लेकराला २ लाख, फार गंभीर प्रकरणात ३ लाख पुनर्वसन आहे. तातडीची मदत लगेच मिळू शकते, पण मोठी रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे आणि खटले वर्षानुवर्षं चालतात. या योजनेला आम्ही गुण देत नाही, कारण सुटलेला माणूस शिक्षेचा निकाल लागेपर्यंत जगणार कशावर, याचं उत्तर तिच्यात नाही, आणि तो पुढच्या दसऱ्याला पुन्हा उचल घेतो. दाखल्यावर नाव, वय आणि कर्जाची रक्कम बरोबर लिहिली आहे का ते तिथंच वाचून घ्यावं. नवरा-बायकोचे दाखले वेगळे मागावेत. रद्द झालेल्या कर्जाची वसुली करणं हाही याच कायद्यात गुन्हा आहे, तेव्हा नंतर कुणी बाकी मागायला दारात आलं तर झेरॉक्स दाखवावी, मूळ दाखला हातातून सोडू नये.